केशरी मासे आणि तुमची गौर

अण्णा, इथे दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात माशांची मोठी काचेची टाकी आहे. ती साफ ठेवणं हे माझं काम. तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांचे केशरी मासे आहेत. त्यांच्या घरात सगळ्यांत मोठी मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, बाकी बारके त्यांच्या धाकात. उन्हाळ्यात मादी मेली. नवी आणू का, असं विचारलं तर आमचा मलबारी सुपरवायझर म्हणाला, "रुको भाई, घर में से ही बनेगी." मला चेष्टाच वाटली. पण तो नरच हळूहळू अंगाने भरला, बारक्यांना दटावू लागला आणि मादी झाला. बारक्यांतला थोरला त्याच्या जागी नर झाला. गेल्या आठवड्यात दगडावर अंडी दिसली. देवाने कुठे काय सोय करून ठेवलीय!

काच पुसताना तुम्हीच डोळ्यांपुढे येत होतात. आई गेल्याचं वर्ष सरलं, गौरी आल्या आणि घरात सवाशीण नाही. काकू विधवा; ती म्हणाली, शेजारची पोर बोलवा. तुम्ही ऐकलं नाहीत. डोक्यावर टोपी, हातात तेरड्याची गौर, वाटेत बोलायचं नाही म्हणून तोंडात पाण्याची गुळणी. तुम्ही पाणवठ्यावरून निघता, मी पुढे घंटी वाजवत चालतो. तेवढ्यात काकू दारातून म्हणते, "अगो बघा, माहेरवाशीण मिशा घेऊन आली." तुम्हाला हसू फुटतं, पाणी सदऱ्यावर. मग तुम्ही मुकाट्याने पुन्हा पाणवठ्यावर जाता आणि गौर पहिल्यापासून आणता.

यंदा तुमची सून थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला गावी गेलीय. देऱ्यातल्या घरात मी आणि धाकटा. गौर यायची कशी, याचाच घोर होता. बिल्डिंगमधल्या बायका हसतील म्हणून मी कुणाला तरी बोलावणारच होतो. धाकटा मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "बाबा, यू डू इट." मला तो केशरी मासा आठवला.

आज खालच्या नळावर गुळणी भरली आणि गौरीचा मुखवटा छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरलो. आत वरच्या मजल्यावरचा पठाण. माझे फुगलेले गाल बघून कळवळून म्हणाला, "दाँत में दर्द है, भाई?" मी मान डोलावली. माझा मजला येईपर्यंत तो लवंगेचा उपाय सांगत राहिला.

गौर पाटावर बसलीय, प्रसन्न आहे. हा कागद पाटाखाली सारून ठेवतो, तुमच्यापर्यंत टपाल कुठलं जायला. मघाशी सुनेने फोनवर विचारलं, पाणी सांडलं नाही ना? नाही म्हणालो. खरंच सांडलं नाही, अण्णा. लवंगेपाशी हसू आलं आणि पाणी गिळलं. आणि मी पुन्हा खाली गेलो नाही.