मुरंब्याचं नरसाळं

प्रिय फोल्कमार,

बाबा गेल्याचं इर्मेलाने तुला फोनवर कळवलं. तू नुसतं "बरं" म्हणालास म्हणे. तुझ्या बहिणीला राग आला, मला नाही आला. नऊ वर्षांत आम्ही तरी तुझ्यासाठी दुसरा कुठला शब्द शिल्लक ठेवला होता?

मार्चमध्ये त्यांनी घरी केलेली शेवटची लागर बिअर माझ्याकडून बाटल्यांत भरून घेतली. उभं राहवत नव्हतं, म्हणून तळघराच्या पायरीवर उशी टाकून बसले आणि तिथून हुकूम सोडू लागले. "नळी तळाला टेकव, रोस्विता! खळखळ ऐकू आली की हवा गेलीच आत. अगं, गुरांना पाणी पाजतेस की काय?" बाटली भरत आली की हलकी टिचकी मारायची, फेस काठापर्यंत चढू द्यायचा आणि फेसावरच बूच दाबायचं. हे तुला मी काय सांगणार! दहा वर्षांचा होतास तेव्हापासून तुझा हात बसलेला. हवा आत राहिली की काय होतं, ते या घराने एकदाच पाहिलं, इर्मेलाच्या लग्नात.

व्याह्यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. बिअर तपकिरी पडलेली, चव ओल्या पुठ्ठ्याची. बाबा सगळ्या पाहुण्यांसमोर गरजले, "भरली कुणी? आमच्या चिरंजीवांनी! याच्या हाताला धीर म्हणून नाही. याला साधं पाणीसुद्धा भरायला देऊ नका!" लोक हसले. "मी नळीनेच भरली," असं तू दोनदा म्हणालास. मग माझ्याकडे पाहिलंस. मी केक कापत होते, ती कापतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग उचलून दूर कील शहरात गेलास, तो गेलासच.

लग्नाची बिअर भरताना तू खानावळीतून रिकामे क्रेट आणायला गेला होतास, तेवढ्या वेळात उरलेल्या चाळीस बाटल्या मी भरल्या, हे तुला ठाऊक होतं. तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की ओव्हनमध्ये केक होता, नळीतून धार अगदी बारीक येत होती आणि मला घाई होती. मी मुरंब्याचं नरसाळं लावलं आणि वरून भसाभस ओतलं. नेमके तेच क्रेट लग्नात पहिल्यांदा उघडले. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि चोर मूग गिळून बसला. मला त्यांच्या रागाची भीती वाटत होती रे. आईला लेकापेक्षा नवऱ्याची भीती जास्त वाटावी, याची मला लाज वाटते.

मार्चमध्ये बाटल्या भरता भरता मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "माहितीये. लग्नानंतर आठवड्याने नरसाळ्याला बिअरचा गाळ चिकटलेला दिसला. धुवायचंही सुचलं नाही तुला." मी विचारलं, मग पोराला का नाही कळवलंत? "एवढ्या लोकांत बोलून चुकलो होतो. म्हटलं, नाताळात येईल, तेव्हा बघू." नऊ नाताळ आम्ही दोघांनी एका टेबलाशी बसून बदक खाल्लं, फोल्कमार, आणि दोघांनाही माहीत होतं. मग ते म्हणाले, "पुढची बाटली घे."

शनिवारी दहा वाजता त्यांना पुरायचं आहे. नंतर खानावळीत जेवण आहे, लग्नाला होते तेच सगळे लोक असतील आणि मार्चमधली तीच बिअर पेल्यांत असेल. अशा जेवणात गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात. मी उठून नरसाळ्याचं सांगणार आहे, आणि त्यांना ते माहीत होतं हेही. म्हातारी बहकली म्हणतील, म्हणू देत. माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. माफ कर असं मी म्हणत नाही. तू नाही आलास तरी मी बोलणारच. पण गेल्या वेळी तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी मान खाली घातली होती. यावेळी एकदा पाहा.

तेव्हा केक कापत राहिलेली,
तुझीच आई