काचेपलीकडचा हात

९ तारीख

चि. छकुलीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाईच्या पोटात दोन घास जातात ना? आणि आपला लंबू? तो परांचीवरून पडल्याला अकरा दिवस झाले, अजून डोळे उघडत नाही आणि तुला, त्याच्या आईला, काचेबाहेरच उभं करतात, हे वाचून हातातला दाभण गळून पडला. पुस्तक तसंच अर्धं शिवलेलं पडलंय.

तू तिथे इटलीत नर्सबाईंना मराठीत विनवतेस आणि त्या बिचाऱ्या नुसत्या बघत राहतात. इटालियन मी बांधणीला आलेल्या एका पुस्तकातून शिकलो, तेही कान गेल्यावर. एक शब्द कधी ऐकलेला नाही. तरी वाक्य करून पाठवतोय. 'पोस्सो' म्हणजे 'शकते का', ते जरा रोखठोक. आपल्याला हवं 'पोत्रेई'. त्यात 'आपली हरकत नसेल तर' अशी अदब आहे.

सोबतची चिठ्ठी जशीच्या तशी वाच. घाबरलीस की तू निम्मे शब्द गिळतेस.

तुझा दादा

१५ तारीख

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

जशीच्या तशी वाचली. 'पोत्रेई तेनेर्ल्यी ला मानो', मी त्याचा हात धरू शकेन का, इथपासून खाली तू लिहिलेलं 'आता श्वास घे छकुले, रडायचं नाही, मी आहे' इथपर्यंत, सगळं मोठ्यानं. सूनबाईनं कोपर मारलं तेव्हा कळलं, शेवटचं नुसतं माझ्यासाठी होतं. तोवर माझा बांध फुटला होता. नर्सबाईंनी मला हात धुवायला लावले, अंगावर झगा चढवला आणि दार उघडलं.

दादा, त्याचा हात गरम आहे. नखांत अजून सिमेंट आहे. मी ते काढत बसले.

काल त्याच्या कामावरच्या मराठी सोबत्यानं कामाची पाळी बुडवून डॉक्टरांचं बोलणं समजावलं. आता काही उरलं नाही म्हणे, पंचवीस तारखेला श्वासाचं यंत्र बंद करणार. सूनबाईनं सही केली. मी तिला नको ते बोलले, मग तिचंच डोकं मांडीवर घेऊन बसले.

त्या वेळी घरच्यांना बाहेर ठेवतात. मला आणखी एक वाक्य हवंय: मी शेवटपर्यंत त्याच्याजवळ थांबू शकेन का? अदबीनं लिही, पण त्यांना नाही म्हणताच येणार नाही असं लिही.

माया आहे, ती आटू देऊ नकोस. उत्तर पंचविसाच्या आत पोचायला हवं. आजच लिही.

तुझी छकुली