दुपारचे घास

आई, तू असतीस तर हे तुला सांगायची माझी हिंमत झाली नसती. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, म्हणून लिहितेय. विजापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. त्यात नवीन काही नाही, आधीही एकटीच होते. पण टांझानियाहून परत आल्यापासून दुपारी जेवायला बसले की समोरची मोकळी जागा मला सहन होत नाही.

होय, टांझानिया. हसू नकोस. सोलापूरच्या बाहेर फारशी कधी न पडलेली तुझी लेक, कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी संपल्यावर, एका संस्थेमार्फत सहा महिने तिकडच्या एका गावातल्या बालवाडीत पोरं सांभाळायला गेली. बिनपगारी, हौसेनं. जाताना सगळ्यांना सांगितलं की आईनं जन्मभर बालवाडी चालवली, ते रक्तातच आहे. हे सांगताना जरा लाज वाटायची, कारण तुझ्या बालवाडीतला एकच दिवस मला नीट आठवतो.

मी चार वर्षांची आहे. विडी वळणाऱ्या बायकांची पोरं ओळीनं बसली आहेत, त्यांचं आपापसात तेलुगू चाललंय, प्रत्येकाच्या पुढ्यात लापशीची वाटी. मी तुझा पदर धरून म्हणते, भरव. तू पदर सोडवून घेतेस. "हितं मी तुजी आई न्हाय, बाई हाय. तुला भरवलं तर ही बाकीची तोंडं कुणाकडं बगतील? हातानं खा." मी खाल्लं नाही. संध्याकाळी घरी तू दूध-भाकरी कुस्करून घास पुढे केलास, तर मी तोंड फिरवलं, आणि तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. तू तसलीच. शेवटच्या आजारात मी पेजेची वाटी घेऊन उशाशी बसले, तर ती माझ्याकडून काढून घेतलीस. म्हणालीस, "खाते की मी." लापशीच्या त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही, तेही आज सांगून टाकते.

तिकडे दुपारी मक्याच्या पिठाचा उकडून घट्ट केलेला गोळा आणि घेवड्याची आमटी असायची. चाळीसएक पोरं, सगळी हातानं जेवायची. त्यांतली तीन वर्षांची एक पोर माझ्याजवळ येऊन बसायला लागली. तिचे आईबाप लांब शहरात कामाला होते, ती आजीकडे राहायची. मी तिला भरवायला लागले. चिऊचा घास, काऊचा घास, सगळं मराठीतच. तिला काय कळत होतं कोण जाणे, पण आ करायची. तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात, आईलाही मामाच. ती मला मामा म्हणायची आणि सुरुवातीला मला हसू यायचं, मग ते यायचं बंद झालं.

महिन्याभरात ती माझ्याशिवाय जेवेनाशी झाली. मी मनातून सुखावले. तिथं स्वयंपाक करणारी बाई, माझ्याच वयाची, अंगानं दणकट, हे सगळं बघत होती. एका दुपारी भांडी घासता घासता माझ्याइतक्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तू जाणार. मी राहणार." एवढंच. रागावलीही नव्हती. मला तू आठवलीस, आणि बहुधा म्हणूनच मी तिचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरवलं, आणि निघायच्या दिवसापर्यंत भरवत राहिले.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी तिथल्या मुख्य बाईंचा मेसेज आला. पोर दुपारी ताटाला शिवत नाही, फाटकाकडे तोंड करून बसते, वाळली आहे. तुम्ही काय करत होता ते कळवा. मी कळवलं, विशेष काही नाही, मांडीवर घ्या. पुढे मीच दोनदा विचारलं. आता स्वयंपाकाची बाई तिला घेऊन बसते, चार घास जातात, असं उत्तर आलं. त्यानंतर मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

गेल्या महिन्यात इथल्या महिला मंडळानं मला अनुभव सांगायला बोलावलं. शाल, नारळ सगळं झालं. मी सांगितलं की तिकडे आईबापांपासून लांब राहणारी एक पोर होती, ती काही खायचीच नाही, मी भरवलं तेव्हा कुठे जेवायला लागली. बायकांनी डोळे पुसले. चहाच्या वेळी एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "लई आठवण येत आसंल की तुमाला." मी व्हय म्हणाले. तेवढं खरं होतं.

बाकीचं खोटं होतं, आई. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. पहिल्या दिवशी ती पोर आपल्या हातानं जेवत होती. सावकाश, बोटं चाटत, कुणाकडे न बघता. मीच तिचा हात ओल्या फडक्यानं पुसला आणि ताट माझ्याकडे ओढलं.