गाडीचा मुहूर्त

जाफराबाद,
१२ जानेवारी २०२५

चि. भारत यास,
अ. आ. व जय भीम. इकडे सर्व ठीक. तुमच्या शोरूमचंही ठीकच असणार, कारण दर आठवड्याला छापील दिलगिरी येते.

फोन करत नाही. गाडीचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. आयुष्यभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, ते आता सख्ख्या भावावर कामी येतंय. धम्मचक्र दिनाला विजेची गाडी बुक केली, तेव्हा महिन्याभरात दारात, असं तूच सांगितलंस. तुझ्या वहिनीने गोठा रिकामा करून चार्जिंगचा पॉइंट बसवून घेतला. सध्या त्यावर शेजाऱ्यांचे मोबाइल चार्ज होतात.

पायलची होणारी सासू, मंठ्याच्या उषाबाई, फार समंजस. हुंडा हा शब्दच त्यांना सहन होत नाही. फक्त सुनेचे बसमध्ये हाल नकोत म्हणून गाडी, आणि तिला कागदपत्रांचा त्रास नको म्हणून ती नवरदेवाच्या, म्हणजे प्रेमच्या नावावर. पायल अंबडच्या कोर्टात लिपिक आहे, हे त्या विसरल्या असाव्यात. तारखेचं विचारलं तर म्हणाल्या की आपल्यात पंचांग बघत न्हाईत, मंग गाडी आली की येणारा रविवार धरू. थोडक्यात, माझ्या पोरीचं लग्न तुमच्या कारखान्यात अडकलंय. कारण कळव. खरं असलं तर बरं.

लोभ आहेच, गाडी आल्यावर वाढवू.
तुझा दादा,
संपत


जालना,
२० जानेवारी २०२५

ति. दादांना,
सविनय जय भीम. पत्र मिळालं. शोरूममध्ये सगळ्यांनी वाचलं, साहेबांना तर आवडलं.

कारणं लिहितो, हवं ते निवडा. बॅटरीचे सेल जहाजाने येतात आणि जहाज बंदरात रांगेत उभं आहे. नखाएवढी एक चिप मिळत नाही, तिच्यावाचून अख्खी गाडी ठोकळा. वहिनींनी निवडलेला पांढरा रंग सगळ्या देशाने निवडलाय. आणि आतली गोष्ट अशी, की बुकिंग घ्यायला एक पोरगा आणि पेन पुरतो, गाडी बनवायला कारखाना लागतो. आमच्या कंपनीने पेनं भरपूर घेतली. कोणी विचारलं की ‘लवकरच’ म्हणायचं, असा आम्हाला हुकूम आहे.

पण दादा, रागावू नका. गाडीच्या मागे पोरगी कशाला बांधली? बाबांनी तुमचं लग्न विहारात दोन हार आणि चहावर लावलं होतं. तेव्हा कुठली चिप अडली होती?

राग कंपनीवर, लोभ माझ्यावर असावा.
आपला,
भारत


जाफराबाद,
९ मार्च २०२५

चि. भारत यास,
अ. आ. व जय भीम. फेब्रुवारीतलं तुझं कारण पोचलं. गाडी तयार आहे, पण तिच्यातलं सॉफ्टवेअर तयार नाही. ऐकून तुझी वहिनी म्हणाली की जावयाचंही तसंच दिसतंय.

प्रेम हल्ली पायलला रोज फोन करतो. मला बरं वाटलं. मग कळलं, बोलणं चिपवरच असतं. एवढा कॉलेजातला प्राध्यापक, समतेवर व्याख्यानं देतो, आता बॅटरीवरही देऊ शकेल. उषाबाईंनी सुचवलंय की दुसरीकडे पेट्रोलची गाडी उभीच आहे, पण बिलकुल आग्रह नाही.

तुझं दोन हारांचं वाक्य लागलं मला. पण पोरगी तिशीला आली रे. मला भीती वाटते. जमलेलं मोडलं तर लोक तिलाच नावं ठेवतील, मंठ्याच्या घराला नाही. गाडी आण बाबा, जल्दी.

दादा


जालना,
२८ मार्च २०२५

चि. पायल हिस,
अ. आ. हे पत्र मुद्दाम कोर्टाच्या पत्त्यावर, दादाला कळू नये म्हणून.

गाडी आली. सोमवारपासून आमच्या यार्डात प्लास्टिक पांघरून उभी आहे. दादाला सांगितलेलं नाही. कंपनीची कारणं संपली, आता पुढचं कारण मी आहे.

एक कर. प्रेमरावांना सांग की गाडीचं काही खरं नाही, येत्या रविवारी विहारात लग्न लावून टाकू. ते हो म्हणाले तर मी त्यांची माफी मागेन, गाडी त्यांच्याच नावावर करीन आणि तुम्हा दोघांना मंठ्याला मीच सोडीन. नाही म्हणाले, तर नाव कोणाचं घालायचं ते तू कळव. काकू आठवण काढते.

तुझा,
काका


अंबड,
१५ एप्रिल २०२५

आदरणीय उषाबाई यांस,
सविनय जय भीम. येत्या रविवारी गाडीशिवाय लग्न लावू, असं मी प्रेम यांना सुचवलं होतं. त्यांनी विचार करून कळवलं की आईचं बराबर आहे, चिप येऊ द्यावी. काल त्यांचं समतेवरचं भाषण मोबाइलवर ऐकलं. छान झालं.

तुमच्याकडे सून पोचायला उशीर होतोय, त्याची कारणं कळवणं माझं काम आहे. तपासणीत असं दिसलं की माझ्यात स्वाभिमान आधीपासूनच बसवलेला आहे. तो काढल्याशिवाय मी तुमच्या घरात मावत नाही आणि काढून देणारा कोणी मिळत नाही. नवी तारीख ‘लवकरच’ अशी देता आली असती, पण मी शोरूममध्ये नोकरीला नाही. ऑर्डर रद्द समजावी.

वाईट वाटलं. प्रेम मला आवडले होते.

आपली कोणीही नाही,
पायल


जाफराबाद,
२८ एप्रिल २०२५

चि. भारत यास,
अ. आ. व जय भीम. गाडी लपवून ठेवलीस, त्याबद्दल तुझ्याशी बोलणार नाही. म्हणून लिहितोय.

काल पायल गाडी घेऊन आली. स्वतःच्या नावावरची, स्वतः चालवत. चालवायला ती कधीच शिकली होती, हे बापाला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला शेजारी बसवून फिरवायला निघाली. गावातून जाताना मी काच वर घेतली आणि मान खाली घातली. ओळखीचे भेटतील, लग्नाचं विचारतील, याचीच धास्ती. पोरगी समोर बघून चालवत राहिली. एकदा फक्त डोळे पुसले.

भोकरदनच्या स्टँडपाशी आपल्या गावची दहा माणसं जीपची वाट बघत उभी होती. मीच काच खाली केली आणि तिला म्हणालो, जरा हळू घे, लोकांना बघू दे कोण चालवतंय.

पुढच्या रविवारी जेवायला या. न्यायला ती येणार आहे.

तुझा दादा,
संपत