ठिपक्यांची शिस्त

दि. ३ जून, सोमवार. सकाळी ८.४०
निश्चय : आजपासून कोणाशीही वाद घालणार नाही.
विभागात स्कॅनर आला. आकाराने शिलाई यंत्राएवढा, मिजास मात्र रेल्वे इंजिनाएवढी. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "काका, आता आपल्या सगळ्या स्लाईड कॉम्प्युटरवर. मुलं घरबसल्या बघतील." मी विचारले, मग सूक्ष्मदर्शके? म्हणाल्या, कपाटात. मी विचारले, आणि मी? तेवढ्यात त्यांना फोन आला.
मॅडम माझ्याच हाताखालून गेलेल्या. पहिल्या वर्षी त्यांना भिंगाखाली काच मीच बसवून देत असे. त्या मला अंतर देणार नाहीत.

दि. ५ जून, बुधवार
पुढे कोणी विचारील, म्हणून नोंद करून ठेवतो.
शिक्षण चौथी. शुद्धलेखनात पैकीच्या पैकी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मशरीररचना विभागात एकतीस वर्षे काचा (म्हणजे स्लाईड, अवयवांचे पातळ काप बसवलेल्या) सांभाळतो. निवृत्तीनंतर दरवर्षी मुदतवाढ. चालू मुदत ३१ जुलैपर्यंत.
परीक्षेच्या काचांवर अवयवाचे नाव नसते, असू नये. म्हणून मी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात टाकाने शाईचे बारीक ठिपके दिले. यकृतास एक, मूत्रपिंडास दोन, प्लीहेस तीन, याप्रमाणे पुढे. मला स्वतःला त्यांची गरज नाही. यकृत मी डोळे मिटून ओळखतो. ठिपके केवळ शिस्त म्हणून.
आणि मुलांची तयारी पाहावी! परीक्षेत काच हाती घेतात, उजेडाकडे तिरकी धरतात आणि भिंगाला डोळा लावण्यापूर्वीच उत्तर लिहून मोकळी होतात. परीक्षेच्या या भागात एकतीस वर्षांत कोणी नापास नाही. मुले मला 'काचमास्तर' म्हणतात, ते उगीच नव्हे.

दि. ११ जून, मंगळवार
संगणकवाला (केस पिकलेले, पोट सुटलेले, बूट मात्र कॉलेजकुमाराचे) म्हणाला, "काका, ही शाई पुसा बुवा. मशीन पेशी सोडून ठिपक्यावरच फोकस करतंय." मी म्हणालो, हा यंत्राचा दोष. तो म्हणाला, "असेल. पण पुसा."
मॅडमकडे दाद मागितली. त्या ठिपक्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग हसू दाबून म्हणाल्या, "पुसाच काका. एकदाचे पुसाच."
हसू आपुलकीचे होते.

दि. १४ जून, शुक्रवार
तीन दिवस. स्पिरिट, मलमल, दोनशे चाळीस काचा. पेटीतील क्रम कोठेही मोडू दिला नाही. अशा लखलखीत काचा त्या यंत्राने जन्मात पाहिल्या नसतील.
घरी सौ.ला हे सांगितले. म्हणाली, "एवढ्या वर्षांत घरातली एक बशी विसळली नाहीत!" उत्तर दिले नाही. निश्चय पाळला. (जेवताना अर्धा तास वाद झाला, तो धरू नये.)

दि. ८ जुलै, सोमवार
पहिली परीक्षा स्क्रीनवर झाली. एकशे वीसपैकी त्र्याहत्तर नापास!
मला फार वाईट वाटले. आनंदाने दोन वेळा चहा घेतला.
यंत्राने लेकरांचा घात केला. स्क्रीनवर सगळे मोठे दिसते, पण काच हातात धरल्याशिवाय ज्ञान आत उतरत नाही, हे माझे मत आज सिद्ध झाले.

दि. ९ जुलै, मंगळवार
अधिष्ठात्यांना अर्ज. 'सविनय निवेदन की, संपूर्ण वर्गाची फेरपरीक्षा खऱ्या काचांवर व खऱ्या सूक्ष्मदर्शकांवर घेण्यात यावी.' सहा वेळा खाडाखोड, सातवी प्रत निर्दोष.
माझ्या सहीखाली सर्व एकशे वीस मुलांच्या सह्या, पास झालेल्यांच्यासुद्धा. वर्गाची प्रतिनिधी म्हणाली, "काचमास्तर, तुमच्याशिवाय आम्ही कुठले पास होणार!" डोळ्यांत पाणी आले. माझ्या.

दि. १६ जुलै, मंगळवार
अर्ज मंजूर! फेरपरीक्षेचा निकाल सुधारल्यास काचा चालू राहतील आणि माझी मुदतवाढही, असे अधिष्ठाते स्वमुखाने म्हणाले.
बाहेर मॅडम म्हणाल्या, "काका, अजून विचार करा. अर्ज मागे घ्या." मत्सर मोठमोठ्यांना सुटत नाही. मी मनाला लावून घेतले नाही.

दि. २२ जुलै, सोमवार. सकाळी ९.००
फेरपरीक्षा. कोटाला इस्त्री. सूक्ष्मदर्शके ओळीने मांडली, जणू कवायतीला उभी.

दुपारी ३.२०
पहिल्या मुलाने काच उजेडाकडे धरली. तिरकी केली. उलटी केली. पुन्हा तिरकी केली. मग माझ्याकडे पाहिले. हळूहळू सारा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. फितूर माणसाकडे पाहावे, तसे.
प्रतिनिधी दबक्या आवाजात म्हणाली, "काका, ठिपके कुठायत?" म्हणालो, पुसले. "सगळे?" म्हणालो, सगळे. ती म्हणाली, "अहो, मग आम्ही सह्या कशाला केल्या!"

सायंकाळी ५.४५
एकशे वीसपैकी अठ्ठ्याण्णव नापास.
एकतीस वर्षे! पिढ्यान्‌पिढ्या माझे ठिपके मोजून डॉक्टर झाल्या आणि एकानेही सांगितले नाही. एवढा विश्वासघात वैऱ्यानेही करू नये. तडक मॅडमकडे जाऊन लेखी तक्रारीची धमकी दिली.
त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा काका. यकृत एक, मूत्रपिंड दोन, प्लीहा तीन. मीही तशीच पास झाले. शिकवायला लागल्यावर पहिल्यापासून सगळं शिकावं लागलं मला. म्हणून तर म्हटलं, पुसा. तुमचं नाव मध्ये येऊ नये, म्हणून म्हटलं, अर्ज मागे घ्या."
मी बसलो नाही.

दि. ३१ जुलै, बुधवार. दुपारी २.००
मुदतवाढ नाही. आज किल्ली द्यायची. फेरपरीक्षेत मुलांनी दोनशे चाळीस काचांची खिचडी करून ठेवली आहे. अवयवाप्रमाणे पेट्यांत लावून मग किल्ली द्या, असे मॅडम म्हणाल्या. संगणकवाला म्हणाला, "आणा काका, एकेक स्क्रीनवर बघून सांगतो. तासाभरात उरकू." मी त्याला सांगितले, एकतीस वर्षे काचा सांभाळलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

दुपारी ४.००
पहिली काच भिंगाखाली ठेवली. गुलाबी, त्यात जांभळे.
दुसरी. गुलाबी, त्यात जांभळे.
नववी. गुलाबी. जांभळे जरा अधिक.
डोळे मिटूनही पाहिले.

सायंकाळी ५.२०
संगणकवाला पाचलाच घरी गेला. मॅडम किल्लीसाठी थांबल्या आहेत.
दौत उघडली. टाक बुडवला. पहिली काच पुन्हा हाती घेतली.
हिला किती ठिपके द्यावेत?