नोटिशीतले कारण

प्रति,
मा. भाडे प्राधिकारी,
कुंभकोणम्

विषय : छताच्या तक्रारीचा राग धरून दिलेली घर खाली करण्याची नोटीस रद्द होणेबाबत.
संदर्भ : घरमालक श्री. स्वामीनाथ यांची दि. ११ जून २०२५ ची नोटीस.

महोदय,

अर्जदार वेंकटलक्ष्मी रघुपतीराव, शिवणकामाच्या निवृत्त शिक्षिका, साक्कोट्टै रस्त्यावरील एका घराच्या माडीवर भाड्याने राहते. यजमान वारल्यापासून ती एकटी आहे.

चैत्रात स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा शेगडीवर कोसळला. घरमालकांस सांगितले असता ते म्हणाले, "पाट्टी (म्हणजे आजी), एकट्या जिवाला केवढं छप्पर लागतं? दुसऱ्या कोपऱ्यात रांधा." नाइलाजाने अर्जदाराने महानगरपालिकेत तक्रार दिली. अभियंता छत पाहून गेले आणि त्याच आठवड्यात नोटीस आली.

नोटिशीत छताचा उल्लेख नाही. अर्जदार घरात नसलेल्या माणसाशी परक्या भाषेत मोठ्याने बोलते, त्यामुळे शेजाऱ्यांस भय वाटते, असे कारण दिले आहे.

अर्जदार बोलणे नाकारीत नाही. ती यजमानांशी बोलते. भात उतरवताना "ताक वाढू का?" एवढेच बहुधा विचारते. भाषा मराठी आहे, अर्जदाराच्या घराण्यात येथे पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली. ती बोलणारे त्या रस्त्यावर आता कोणी उरले नाही. हा अर्जही तीतच लिहिला असून तमिळ तर्जुमा सोबत जोडला आहे. तक्रारीपूर्वी या बोलण्याचे कोणास कधी भय वाटले नव्हते.

खालच्या बिऱ्हाडातील नित्या नावाच्या बाईने नोटिशीवर साक्षीदार म्हणून सही केली आहे. विचारल्यावर ती रडत म्हणाली, "अक्का, सही केली नसती तर आम्हालाही काढलं असतं." तिच्यावर अर्जदाराचा रोष नाही. मात्र जिन्यात ती मान खाली घालून जाते, आणि अर्जदारही आता घरात ओठ मिटून वावरते.

अर्जदाराने दुसरी घरे पाहिली. नोटिशीची वार्ता तिच्याआधी पोचली होती. एका दारात "वेड लागलेली बाई नको" असे तिच्यासमोरच म्हटले गेले.

तरी सदर नोटीस रद्द व्हावी, ही विनंती. अर्जदाराचा तेथेच राहण्याचा हट्ट नाही. नोटीस रद्द होताच ती स्वतः रीतसर सूचना देऊन निघेल. कोणी काढले म्हणून जायचे नाही, एवढेच.

सुनावणीस अर्जदार एकटीच येईल. तिला तमिळ उत्तम येते, दुभाष्याची गरज नाही. फक्त प्रश्न जरा सावकाश विचारावेत. बऱ्याच दिवसांत तिला कोणी काही विचारलेले नाही.

आपल्या बोलावण्याच्या प्रतीक्षेत,
वेंकटलक्ष्मी रघुपतीराव
कुंभकोणम्, दि. ७ जुलै २०२५

सोबत : तमिळ तर्जुमा, नोटिशीची प्रत, छताचे छायाचित्र.