टोकाचं बूच

अहो, मी कोण ते तरी आठवतं का? मलकापूरच्या स्टेशनवर मला बाकड्यावर बसवून तुम्ही एकटेच घरी पोचलात आणि सासूबाईंनी विचारलं तेव्हा कुठे तुमच्या ध्यानात आलं. तीच मी. नात लिहून घेते आहे. माझं बोलणं ती शाळेतल्यासारखं करते. करू दे, भांडायचं बळ उरलं नाही.

गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका घरीच तयार करायच्या म्हणून तुम्ही पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला होता. तुमचा धाकटा भाऊ नागपुरात शिकून आला होता, भाऊजींनीच तो जोडला. कॉम्प्युटरमधून जाड केबल निघायची ती पत्रिका साठवायच्या डिस्कच्या डब्यात, तिथून दुसरी स्कॅनरमध्ये. स्कॅनरच्या मागे एक बूच, आणि त्याच्या पुढे वायरच नाही. मी विचारलं, "हे कायले लावलं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुले काय करायचं?"

मग काय करणार? दिवाळीची सफाई काढली तेव्हा ते बूच उपसलं. वायर नाही, नुसती धूळ. शिलाई मशीनच्या खणात बटणांबरोबर टाकून दिलं.

लग्नसराई तोंडावर आणि कॉम्प्युटरला डिस्क दिसेना. भाऊजी आले. डिस्क आणि स्कॅनर, दोन्हींचे नंबर वेगळे आहेत ना ते पाहिलं, केबल बदलल्या. शेवटी स्कॅनरच्या मागे हात घातला. "दादा, टोकाचं बूच कुठं गेलं? ते नसलं तं सिग्नल टोकाले आपटून वापस येते, मंग कोणाचं कोणाले समजत नाही."

"बूच काय मी खाल्लं? तूच न्हेलं असशील कोण्या गिऱ्हाइकाकडं. चोर घरातच पाळला म्या!"

मी चहा घेऊन दारात उभी. तेव्हाच मला कळलं, आणि मी गप्प राहिले. भाऊजी चहाला न शिवता उंद्रीला आपल्या घरी निघून गेले. पुन्हा या घरात जेवले नाहीत. तुमच्या तेरवीलाही अंगणात उभे राहिले, पाण्याचा घोट घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात तसं मी ते बूच परत बसवलं. डिस्क दिसली. तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, "माह्या हातानं चालू झालं, त्याले काय येते!" मागे वाकून एकदा पाहिलं मात्र नाही.

परवा भाऊजींची सून येऊन गेली. म्हणाली, मामंजी आता फारसे जेवत नाहीत, नुसते विचारतात, दादाले खरंच वाटलं होतं का मीच न्हेलं म्हणून?

तुमच्या रागाला मी भीत नव्हते हो. राग रोजचाच होता. पण तुम्ही मला त्यांच्यासमोर अडाणी म्हणाला असतात. त्या दिवशी या घरात पहिल्यांदाच काही न येणारं माणूस दुसरं कुणीतरी ठरलं, आणि मला बरं वाटलं. थोडंसंच. लिही गं, खोडू नको.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ठेव उशीखाली. आणि ऊठ, बेसन भिजव. उद्या सकाळच्या बसनं उंद्रीला पातोडीच्या रश्शाचा डबा पाठव, डब्यासोबत मलाही पाठव. तिखट कमी घाल आणि पातोड्या मऊ कर, भाऊजींना आता दात नाहीत.